ओकायामाचे परडे

बागेची समीक्षा लिहिता येते का, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण हसून विषय बदलतील. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी होते. चित्र आणि गाणे यांच्याविषयीही मराठीत बऱ्यापैकी लिहिले गेले आहे. बाग मात्र आपण डॉक्टरांच्या सल्ल्यावर आणि मुलांच्या हट्टावर सोडून दिली आहे. सकाळी चार फेऱ्या मारायच्या, संध्याकाळी बाहेरच्या गाड्यावर भेळ खायची, पाहुणे आले तर त्यांना दाखवून आणायचे. यापलीकडे बागेकडून आपली काही अपेक्षा नसते, आणि अपेक्षाच नाही तेथे समीक्षा कुठून येणार?

जपानात अशी स्थिती नाही. तेथे बाग ही कविता आणि चित्र यांच्या पंगतीला बसणारी कला आहे आणि तिचे शास्त्रही फार जुने आहे. ‘साकुतेइकी’ हा बागरचनेवरचा ग्रंथ अकराव्या शतकातला, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा. पाणी कोणत्या दिशेने खेळवावे, बेट कसे असावे, दगड कसा रोवावा याची त्यात बारकाईने चर्चा आहे. दगड मांडणाऱ्याने आधी त्या दगडाचे मागणे ओळखावे आणि त्याप्रमाणे पुढचा दगड मांडावा, असा एक विचार त्या ग्रंथात येतो. ओळीमागून ओळ लिहिताना पहिल्या ओळीने काय मागितले आहे हे कवीने ओळखावे, याहून तो वेगळा नाही. ज्या कलेला असे शास्त्र आहे, तिची समीक्षाही होऊ शकते.

मी येथे ज्या बागेविषयी लिहिणार आहे ती जपानात नाही. ती पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. कागदोपत्री तिचे नाव ‘पुणे–ओकायामा मैत्री उद्यान’ आणि लोकांच्या तोंडी ‘पु. ल. देशपांडे उद्यान’. जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेवरून ती बेतलेली आहे. मूळ कोराकुएन सुमारे तेरा हेक्टरांची, म्हणजे तेहतीस एकरांच्या आसपास. पुण्याची दहा एकरांची. मी ओकायामाला गेलेलो नाही. मूळ बाग मला माहीत आहे ती नकाशे, छायाचित्रे आणि वर्णने यांतून. पण भाषांतर वाचणाऱ्याची स्थिती नेहमी हीच असते. मूळ त्याच्या हाती नसते म्हणून तर तो भाषांतराकडे वळतो, आणि तरीही हे भाषांतर जिवंत आहे की नाही हे त्याला कळते. या बागेकडे मी तसेच पाहिले. एखादे भाषांतरित पुस्तक वाचावे तसे. आपण दोन भाषांच्या शिवेवर राहणारी माणसे. भाषांतर हा आपल्याकडे वाङ्मयप्रकार असण्याआधी रोजचा व्यवहार असतो. बाजारात, कचेरीत, शेजारणीच्या उंबऱ्यावर आपण दिवसातून दहा वेळा ते करतो. या बागेचा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका नाही.

० ० ०

आधी मूळ संहिता पाहू. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये आपला कारभारी त्सुदा नागातादा याला बाग करण्याची आज्ञा दिली आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. असाही नदीच्या पात्रातल्या एका बेटवजा जागेवर ती आहे आणि नदीपलीकडे सरदाराचा काळ्या भिंतींचा किल्ला आहे. बाग किल्ल्याच्या मागच्या अंगाला, म्हणून तिला आधी नुसते ‘मागची बाग’ म्हणत. वाचकहो, या शब्दाला आपल्याकडे प्रतिशब्द शोधत बसावे लागत नाही. पुण्यामुंबईकडे त्याला परसबाग म्हणतील. बेळगाव-कोल्हापूरकडे आपण परडे म्हणतो. ओकायामाच्या धन्याचे हे परडे! आणि परड्यात असावे ते त्यात होतेही. भाताची खाचरे होती, चहाची लागवड होती. आज ज्या विस्तीर्ण हिरवळीसाठी ही बाग नावाजली जाते, तिचा पसारा पुढच्या पिढ्यांतला. सुरुवातीच्या काळात बरीचशी जमीन पिकाखाली होती.

‘कोराकुएन’ हे नाव तिला १८७१ मध्ये मिळाले. ते एका जुन्या चिनी वचनावरून आले आहे. राज्यकर्त्याने चिंता सगळ्यांच्या आधी करावी आणि सुख सगळ्यांच्या नंतर भोगावे, असा त्या वचनाचा आशय. ‘नंतर सुख भोगण्याची बाग’ असा नावाचा अर्थ. हेच वचन तोक्योतल्या आणखी एका, याहून जुन्या बागेच्या नावामागेही आहे. १८८४ मध्ये ओकायामाची बाग सरकारकडे आली आणि सामान्य लोकांना खुली झाली. त्याआधी जवळजवळ दोन शतके ती मुख्यतः धन्याची आणि त्याच्या पाहुण्यांची होती. क्वचित ठरावीक दिवशी रयतेला आत येता येत असे.

या बागेत चालताना जपानी माणसाला पदोपदी काहीतरी आठवत असले पाहिजे. मधला तलाव बिवा या मोठ्या सरोवराची आठवण करून देण्यासाठी केलेला आहे. एका ठिकाणी फळ्यांचा नागमोडी पूल आहे आणि त्याच्या भोवती आयरिसची फुले. ते हजार वर्षांपूर्वीच्या एका कथा-काव्य ग्रंथातल्या प्रसंगाला दिलेले उत्तर आहे. एका दुमजली मंडपाच्या तळमजल्यातूनच ओढा वाहतो आणि त्या पाण्यात रंगीत दगड मांडलेले आहेत. खाचरांची मांडणी प्राचीन चिनी शेतजमिनीच्या वाटणीवरून घेतलेली आहे. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो आहोत, ते स्वतःच भाषांतरांनी भरलेले आहे. चिनी वचन, चिनी शेत, दूरचे सरोवर, जुने काव्य, हे सगळे त्या सरदाराने आपल्या परड्यात आणून रुजवले. ‘आमचे अस्सल आणि तुमचे नक्कल’ असे म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे.

० ० ०

आता पुण्याच्या बागेत येऊ. सिंहगड रस्ता हा पुण्यातल्या अतिशय वर्दळीच्या रस्त्यांपैकी एक. वाहनांच्या रांगेतून सुटून फाटकातून आत आले की प्रथम जाणवते ती मोकळीक. डोळ्यांना एकदम खूप जागा मिळते. हिरवळ, तिच्यात वळणे घेणारे पाणी, पाण्यावरचे छोटे पूल, मातीच्या उतरत्या टेकड्या आणि त्यांच्या कडेकडेने फिरणारी वाट. कालव्याचे पाणी बागभर खेळवलेले आहे.

माझ्याबरोबर माझी आत्या होती. वय सत्तरीच्या पुढचे, सारा जन्म बेळगावात गेलेला. दहा मिनिटे चालल्यावर ती म्हणाली, “अरे, सगळं छान आहे, पण इथं बघायचं नेमकं काय?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. आपल्या बागेत ‘बघायचे’ असे काहीतरी मध्यभागी असते. देऊळ असते, कारंजे असते, पुतळा असतो, निदान फुलांनी काढलेले घड्याळ असते. सगळ्या वाटा तिकडे जातात आणि तेथे पोचले की बाग पाहून झाली. मोगल पद्धतीच्या चारबागेत तर हे तत्त्व भूमितीसारखे स्पष्ट असते. मधोमध पाणी, चार सारखे भाग. एका जागी उभे राहिले की सगळी रचना मनात बसते. गंमत म्हणजे पु. ल. उद्यानाला लागूनच पुढे मोगल धर्तीचीही एक बाग झाली. व्याकरणाची दोन पुस्तके शेजारी शेजारी उघडून ठेवावीत तशा या दोन बागा आहेत. ज्याला तुलना करायची आहे त्याने एकाच तिकिटात नव्हे, पण एकाच संध्याकाळी दोन्ही वाचाव्यात.

फेरीच्या या जपानी बागेला मध्य नाही. ती चालण्यासाठी रचलेली असते आणि चालणाऱ्याच्या पावलांबरोबर उलगडते. एक दृश्य दिसते, चार पावलांवर टेकडीच्या आड जाते, आणखी वळणावर वेगळ्याच बाजूने पुन्हा समोर येते. जपानीत याला ‘मिएगाकुरे’ म्हणतात. दिसणे आणि लपणे. क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरात वाळूत मांडलेले पंधरा दगड आहेत. कोठूनही पाहिले तरी सहसा चौदाच दिसतात, एक कोणत्यातरी दुसऱ्यामागे दडलेला असतो. सगळे एकदम हाती लागू द्यायचे नाही, हे त्यामागचे सूत्र. हे मी आत्याला सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात टेकडीला वळसा घालून आल्यावर तीच थांबली आणि मागे वळून म्हणाली, “मघाशी पाणी होतं की रे इथं, कुठं गेलं ते?” मी गप्प बसलो. बाग तिला जे सांगायचे ते सांगून चुकली होती.

ही रचना मराठी समीक्षेच्या शब्दांत मांडता येते का, असा विचार पुढे माझ्या मनात आला. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा उलगडा करताना लयीचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. ते येथे चपखल लागू पडतात. हिरवळ आणि पाणी ही दोन्ही सपाट, दोन्ही शांत. त्यांच्यात संवाद आहे. या सपाटीतून एकदम वर उठणारी टेकडी आणि सरळ जाता जाता अचानक वळणारी वाट हा विरोध. आणि एका बाजूला टेकडी, तर दुसऱ्या बाजूला तिच्याएवढेच ‘वजन’ असलेली रिकामी हिरवळ, हा समतोल. यातला शेवटचा मुद्दा विशेष आहे. आपल्याकडे समतोल म्हटला की आपण दोन्ही पारड्यांत सारखीच वस्तू घालतो. डावीकडे अशोकाचे झाड तर उजवीकडेही अशोकाचेच. येथे टेकडीच्या समोर रिकामी जागा घातली आहे आणि तरीही तराजू झुकत नाही. रिकामेपणालाही वजन असते, हे पुण्याच्या बागेने मूळ बागेकडून नीट उचलले आहे. परदेशांतल्या कितीतरी तथाकथित जपानी बागा एक लाल पूल, एक दगडी दिवा आणि बांबूची चार बेटे एवढ्यावर भागवतात. ते जपानी कपडे घातलेले फोटो काढण्यासारखे असते. पुण्याच्या रचनाकारांनी दागिन्यांपेक्षा मोकळ्या जागेवर भिस्त ठेवली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

० ० ०

शांततेचाही येथेच विचार केला पाहिजे, कारण ‘गजबजलेल्या शहरातली शांत बाग’ असेच तिचे कौतुक केले जाते. शांतता म्हणजे आवाज नसणे, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. भर शहरात आवाज नाहीसा करता येत नाही. त्याच्याशी काहीतरी करावे लागते. जपानी बागेच्या कारागिराला याच्या दोन-तीन युक्त्या पक्क्या माहीत असतात. मातीची टेकडी रस्ता डोळ्यांआड करते, आणि जे दिसत नाही त्याचा आवाज मनाला दूरचा वाटू लागतो. जवळचे वाहते पाणी लांबच्या घरघरीवर आपला बारीक आवाज पसरते. आणि तिसरी युक्ती पायांशी असते. अंतराअंतरावर मांडलेल्या दगडांवरून जाताना माणसाला खाली पाहावेच लागते. मग एक रुंद दगड येतो, पाऊल आपोआप थांबते, मान वर होते, आणि नेमके तेथेच दृश्य असते. चाल मंदावली की श्वास मंदावतो. अशी शांतता कोणी पाट्या लावून मागितलेली नसते. ती पायांखाली रचलेली असते.

आपल्याकडच्या सार्वजनिक बागांची सवय याच्या उलट. तेथे शांतता हुकमाने आणली जाते. हे करू नये, ते करू नये, येथे बसू नये, आणि नियम मोडला की शिट्टी. शिट्टीने शिस्त येईल, शांतता कशी येईल? मात्र या बाबतीत नाक मुरडणाऱ्या रसिकांच्या बाजूनेही मी नाही. जपानी बागेत मुलांचा दंगा नको, डबे नकोत, खोलीभर कुटुंबे घेऊन लोकांनी येऊ नये, असे म्हणणारी एक अभिरुची आहे. ती सरदाराची अभिरुची आहे. मूळ बाग धन्याची खाजगी होती. पुण्याची पहिल्या दिवसापासून महापालिकेची. दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या घरातली आजी, सून आणि नातवंडे येथे जेव्हा येतात, तेव्हा तेहतीस एकरांच्या धन्याला जे मिळत होते त्यातला वाटा ती घेत असतात. ‘सुख सगळ्यांच्या नंतर’ या मूळ नावाचा अर्थ खऱ्या अर्थाने कोठे उतरला असेल तर तो असा. तोक्योतल्या जुन्या कोराकुएनच्या डोक्यावरून १९८८ पासून तोक्यो डोमचे पांढरे छत डोकावते आहे आणि शेजारच्या करमणूकनगरीतला आरडाओरडा बागेत ऐकू येतो. म्हणून ती बाग मोडीत निघालेली नाही. चांगली रचना गर्दी सोसते.

० ० ०

भाषांतराची कसोटी मात्र अवघड जागी लागते. कवितेतला शब्द उतरतो, संदर्भ उतरत नाही. ओकायामाच्या नागमोडी पुलावर उभ्या राहिलेल्या सुशिक्षित जपानी माणसाला जुने काव्य आठवते. पुण्यात तसा पूल केला तर आपल्याला तो फक्त वाकडा पूल वाटेल. ओकायामाची हिरवळ हिवाळ्यात सोनेरी होते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती चक्क पेटवून देतात, म्हणजे वसंतात नवे गवत जोमाने येते. कोकणातल्या भाजावळीची ज्याला माहिती आहे त्याला हे लगेच कळेल. पण पुण्याच्या बागेत वर्षाचा हा ताल नाही. मेपलची पाने लाल व्हायला जी थंडी लागते ती दख्खनला मिळत नाही. जपानी बाग चार ऋतूंची कविता असते. आपल्याकडे ऋतू खरे तीन, आणि त्यात राजा एकच, पाऊस.

अशा वेळी भाषांतरकाराने काय करावे? मला जी. ए. कुलकर्णींची आठवण होते. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला आणि धारवाडात आयुष्य काढलेला हा आपल्याच मुलखातला लेखक. त्यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या ओहायोच्या रानातल्या वसाहतीवरच्या तीन कादंबऱ्या मराठीत आणल्या. नावे दिली ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. मूळ पहिल्या नावाचा शब्दशः अर्थ ‘झाडे’ असा होतो. जी. एं.नी ‘रान’ म्हटले आणि ओहायोची झाडी आपल्या ओळखीच्या अंधारासह उभी राहिली. दुसऱ्या नावात शेते होती; त्यांनी ‘शिवार’ म्हटले, आणि त्या एका शब्दाबरोबर बांध, पायवाट, राखण हे सगळे आले. मूळ शब्दाशी प्रामाणिक राहायचे की आपल्या मातीशी, हा वाद त्यांनी घातला नाही. आपल्या मातीतला असा शब्द शोधला की जो मुळाच्या कामाला येईल.

पुण्याच्या बागेला असा शब्द हाताशी आहे. तो म्हणजे पर्वती. जपानी बागेत ‘शाक्केइ’ नावाची एक रीत आहे, उसने दृश्य. बागेबाहेरचा डोंगर किंवा देऊळ बागेच्या चित्रात असे बसवून घ्यायचे की ते बागेचेच वाटावे. कोराकुएनमध्ये नदीपलीकडचा काळा किल्ला असा उसना घेतलेला आहे. पुण्याच्या बागेजवळच पर्वतीची टेकडी आहे, तिच्यावर १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले देवदेवेश्वराचे देऊळ आहे. त्याच टेकडीच्या पायथ्याशी पेशव्यांनी तळे केले, तळ्यात बेट राखले, बेटावर बाग केली, तीच सारसबाग. तळे पुढे बुजले, गणपती राहिला. म्हणजे तलाव, बेट, टेकडी आणि वरचे देऊळ ही रचना या परिसराला नवी नाही. ओकायामाची बाग पुरी झाल्यावर साठ वर्षांच्या आत पुण्यात पाण्याशी आणि टेकडीशी असाच खेळ मांडला गेला होता, आणि दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. हे नाते ज्या बागेत जाणवेल ती पुण्याची जपानी बाग. त्यासाठी पैसा लागत नाही. कोणते झाड वाढू द्यायचे, कोणते छाटून त्या फटीतून टेकडी आत घ्यायची, एवढा निर्णय लागतो. उसने दृश्य माळ्याच्या कात्रीवर जगते. माझ्या मते या बागेचे भाषांतर येथे अजून पुरे व्हायचे आहे. पाणी उतरले, हिरवळ उतरली, वाटेचे वळण उतरले. आजूबाजूच्या मुलखाशी बोलणे तेवढे वाढायला हवे.

० ० ०

आणि आता नाव. ज्या बागेचा गुण शांतता, तिला मराठीतल्या सर्वांत गप्पिष्ट लेखकाचे नाव दिले, अशी थट्टा मी ऐकली आहे. थट्टा चांगली आहे, पण वरवरची आहे. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले आणि बाग त्यानंतरची. ते जपानला जाऊन आले होते आणि ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनात त्यांनी मराठी वाचकाला तो देश दाखवला. त्यामुळे जपानी बागेला त्यांचे नाव अगदीच उपरे नाही.

पण आपल्या दृष्टीने याहून जवळचे कारण आहे. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते, आणि ‘गणगोत’मधला त्यांचा ‘रावसाहेब’ आपल्या गावचा. रावसाहेबांच्या मराठीत कानडी हाडे आहेत. लिंग, वचन, विभक्ती यांची त्यांनी जी दाणादाण उडवली आहे ती शुद्धलेखनाच्या कोणत्याही परीक्षकाने लाल शाईने भरून काढली असती. पु. लं.नी तिच्यात संगीत ऐकले. दुसऱ्या भाषेच्या मातीत वाढलेली मराठी ही बिघडलेली मराठी नसते, ती त्या मातीचा सूर घेतलेली मराठी असते, हे त्या एका व्यक्तिचित्राने जितके पटवले तितके शंभर परिसंवादांनी पटवले नसते. उलट दिशेने पाहायचे तर द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, आणि कन्नड कवितेचे ते शिखर. १९७३चे ज्ञानपीठ त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले. त्यांना कोणी उपरे म्हटले नाही.

पुण्याची बाग जपानी बोलते ती मराठी हेल काढून. तो तिचा हक्क आहे. एवढेच की हेल दोन प्रकारचे असतात. एक जगण्यातून येतो, दुसरा न शिकण्यातून. रावसाहेबांचा हेल पहिल्या जातीचा. बागेत पावसाळा मुख्य ऋतू व्हावा, हिरवळीच्या कडेला कुटुंबे विसावावीत, पलीकडे पर्वती दिसावी, हे सगळे पहिल्या जातीचे. त्याला दोष म्हणणे म्हणजे रावसाहेबांचे व्याकरण तपासणे आहे. पण कोठेही एखादा दगड केवळ शोभेला ठेवला, झुडपांना मोराचे किंवा हत्तीचे आकार दिले, रिकाम्या जागेची भीती वाटून ती भरून काढली, तर ते न शिकण्यातले. आपल्याकडे कोणतीही जपानी बाग करताना आणि राखताना हा भेद जो करील तोच चांगला माळी आणि तोच चांगला समीक्षक.

देशीवादाच्या चर्चेत आपण वारंवार विचारतो, की परक्या मुळाचे झाड आपल्या मातीत खरे रुजते का. कोराकुएनचा इतिहास या प्रश्नाला वेगळेच वळण देतो. १९३४च्या पुराने त्या बागेची वाताहत केली. ११ वर्षांनी, १९४५च्या जून महिन्यात, बाँबहल्ल्यात ओकायामा जळाले. किल्ला गेला, बागेतल्या बहुतेक इमारती गेल्या. आज दिसणारा किल्ला १९६६ मध्ये काँक्रीटने पुन्हा उभा केलेला आहे. म्हणजे पुण्याने ज्या बागेचे भाषांतर केले, तिचे आजचे उसने दृश्य हीसुद्धा एक प्रतिकृतीच. बाग परत उभी राहिली, कारण जुन्या काळातली तिची चित्रे आणि नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. कोठे काय होते हे ठाऊक असलेली माणसे होती. पुण्यालाही पाण्याने काय होते ते माहीत आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले तेव्हा नदीकाठचे जुने पुणे वाहून गेले, आणि त्यातले फार थोडे जसेच्या तसे परत उभारले गेले. दोन्ही शहरांवर घाला पडला. एकाजवळ नकाशा होता.

माझा निष्कर्ष यावरूनच निघतो. बाग अस्सल आहे की नाही, हे तिच्या झाडांच्या वयावर ठरत नाही आणि रोपे कोठून आणली यावरही ठरत नाही. तिचा नकाशा कोणी जपतो का, दर पिढीत त्याप्रमाणे कात्री चालवणारा कोणी तयार होतो का, यावर ठरते. आपल्या घरांतही असेच आहे. शेजार कन्नडचा, तेलुगूचा, गुजरातीचा किंवा हिंदीचा. मुलांची शाळा बहुधा इंग्रजी. त्यांच्या मराठीत हेल येणारच, आणि तो ऐकून पुण्याच्या नातेवाइकांनी हसायचे कारण नाही. मात्र घरातल्या ओव्या, आजीचे शब्द, पत्रांचे गठ्ठे, जुने दिवाळी अंक हा आपला नकाशा आहे. तो रद्दीत गेला तर पूर यायचीही गरज उरत नाही.

पु. ल. उद्यान हे एकूणात चांगले भाषांतर आहे. त्याने मुळातली अवघड गोष्ट, रिकाम्या जागेवरचा विश्वास, ओळखली आणि आणली. सोपी गोष्ट, आपल्या टेकडीकडे पाहणे, अजून वाढवता येण्यासारखी आहे. पुण्याला गेलात तर जरूर वाचा. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा, वाट दाखवील तिकडेच चाला, आणि बरोबर घरातले एखादे वडीलधारे माणूस असू द्या. ते कुठे थांबते आणि काय विचारते, त्यावरून आपण काय पाहिले नाही ते कळते.